अर्धा किलो क्लावो

दाढ ठणकत होती, म्हणून लवंग आणायला गेलो.
चोन्चीच्या उतारावर एकच दुकान उघडं:
दोरखंड, रॉकेल, बटाटे, मेणबत्त्या,
काउंटरमागे एदुविना बार्रिया, स्वेटरवर स्वेटर.
सामन माशांच्या पिंजऱ्यांवरचे पंप दुरुस्त करायला
कंपनीनं मला या बेटावर धाडलेलं;
पदरी स्पॅनिश शब्द तीसेक.
त्यातला एक टाकला: क्लावो.
तिनं तागडीत ओतले दोन इंची खिळे,
अर्धा किलो, वर्तमानपत्रात बांधूनही दिले.

मी गालावर हात ठेवला. मग तिला उमजलं.
हसली तेव्हा दिसलं, तिचीही एक दाढ नव्हती.
बरणीतली लवंग काढून तिनं खिळ्याशेजारी मांडली:
तेच डोकं, तीच दांडी.
‘नाव एकच. एक लाकडात जातो, एक दाढेत.’

त्या हिवाळ्यात दर शनिवारी जायचो,
शब्द सुटे घ्यायला.
जो माल खपत नाही तो क्लावो:
फळीवरचा हिरव्या रंगाचा डबा, सतरा वर्षं.
बुडीत उधारी, तीही क्लावो:
तिनं वही उघडून दाखवली,
अर्धं गाव होतं तीत, पाद्रीसुद्धा.
वक्तशीर माणूस खिळ्यासारखा येतो,
आणि हे सांगता सांगता चार वाजले
आणि बेलिसारिओ सुतार दारात,
टोपी हातात, भुवयांवर भुसा.

आमच्याकडे नजर खिळते, मी म्हटलं.
‘इथंही,’ ती म्हणाली, बेलिसारिओकडे न बघता.
माणूस अंथरुणाला खिळतो, कामाला खीळ बसते,
पण तोच शब्द दोनदा म्हटला
की सगळं सैल: खिळखिळं.
हे तिला फार आवडलं.
खिळ-खिळ, म्हणत राहिली
दारावर, तागडीवर, स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवत.

दाराजवळ भिंतीत एक खिळा रिकामा.
त्यावर रोसामेल चिग्वायचा मेणकापडी कोट असायचा.
लोकर कातरायला तो दक्षिणेला गेला, पुन्ता अरेनासला,
एका मोसमापुरता.
पहिल्या वर्षी पैसे आले,
दुसऱ्या वर्षी एक फोटो, त्यात मेंढ्याच जास्त.
वहीत त्याच्याही नावाचं पान आहे.
रकमेच्या जागी काही नाही.

गाव म्हणतं, खिळ्यानं खिळा निघतो.
आम्ही म्हणतो काट्यानं काटा, मी म्हटलं.
‘काट्याचं ठीक,’ एदुविना म्हणाली,
‘काढला, फेकला. खिळा काढलात तर भोक उरतं.
त्याच भोकात दुसरा ठोका, धरत नाही,
नुसता गोल फिरतो.
आधी लाकडाची खुंटी ठोकायची,
मग एक हिवाळा थांबायचं, फुगू द्यायचं तिला.’

बेलिसारिओ काही बोलला नाही.
पुढच्या शनिवारी चारला आला,
खिशातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं,
मेणबत्त्या न घेताच गेला.
लुमाच्या लाकडाची खुंटी, करंगळीएवढी,
आठही कडा तासलेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं:
माझे वडील खिळे जुळवायचे.
‘सुतार?’
नाही, छापखान्यात. शिशाचे खिळे,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर, उलटं.
तिला पटेना. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
मी लिहिलं: एदुविना.
बराच वेळ बघत राहिली.
‘सगळी लटकलेली आहेत,’ वरच्या रेघेवरून नख फिरवत म्हणाली,
‘ओल्या कपड्यांसारखी. खिळा कुठाय?’

मी अजून शब्द शोधत होतो.
तिनं कड फाडली, वहीत घातली;
कुणाच्या पानात ते दिसलं नाही.
तागडीच्या एका पारड्यात ती खुंटी होती,
पारडं किंचित कललेलं.
चार वाजायला आले होते.